एकसारखा ताव

"सर, लाकडावर करायचंय की विद्युतदाहिनीत?"

फोन स्पीकरवर आहे हे धनेश विसरला होता. अंत्यविधीची सगळी व्यवस्था करून देणाऱ्या कुठल्याशा सेवेतल्या मुलीचा तो आवाज होता, शिकवून गोड केलेला, आणि तो हॉलभर ऐकू गेला. सतरंजीवर बसलेली माणसं जरा हलली. कुणीतरी खोकलं. धनेशनं फोन छातीशी धरला आणि सगळ्यांकडे एकदा पाहिलं, हॉटेलात ऑर्डर देण्याआधी तो घरच्यांकडे बघतो तसं, आणि शेवटी नजर आईवर आणून थांबवली. कौशल्या भिंतीला टेकून बसली होती. आपल्याला आता काहीतरी वाटायला पाहिजे, सगळे त्याचीच वाट बघताहेत, हे तिला कळत होतं. पण तिच्या मनात आलं ते एवढंच, की ही मुलगी दिवसभर लोकांना हाच प्रश्न विचारत असेल, आणि घरी गेल्यावर आईनं 'भात टाकू का भाकरी' असं विचारलं की तिच्यावर खेकसत असेल.

समोर भाड्यानं आणलेली काचेची गार पेटी होती आणि पेटीत भैरू होता, तिचा नवरा. आदल्या संध्याकाळी मोशीच्या ह्याच फ्लॅटच्या गॅलरीत खुर्चीवर बसल्या बसल्या त्याची मान कलली होती. बशीत ओतलेला चहा तसाच राहिला. दवाखान्यात नेलं तर तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं हात लावून नुसती मान हलवली. मग थोरले दीर मालोजी गावाहून, कळंबकडनं, येईपर्यंत थांबायचं ठरलं आणि पेटी आली. तिला खाली मोटर होती. फ्रिजसारखी ती मधेच घुरघुरायची, मग गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की हॉलमधली माणसंही बोलायची थांबायची. काचेवर बाहेरून पाणी साचायचं. करिष्मा, सून, ते फडक्यानं पुसून घ्यायची. कौशल्याच्या डोक्यात सकाळपासून एकच गोष्ट फिरत होती आणि ती चारचौघांत बोलण्यासारखी नव्हती. बरं वाटत असेल ह्यांना. किती गार आहे आत.

भैरूनं उभी हयात भट्टीपुढं काढली होती. आधी भोसरीत, मग कंपनी चाकणला गेली तेव्हा चाकणला. गाड्यांचे गिअर भट्टीत तापवायचे आणि तेलात बुडवायचे, म्हणजे लोखंड कडक होतं. त्यामुळे असेल, त्याला गारव्याचं वेड होतं. चहा बशीत ओतून तो विसरून जायचा आणि वर साय धरली की मग प्यायचा. पौषातल्या थंडीत गार पाण्यानं अंघोळ करायचा, फरशीवर उघड्या अंगानं झोपायचा. आणि दारं. घरातलं कुठलंच दार तो समोर उभा राहून उघडायचा नाही. फ्रिज असो, कपाट असो, आधी एक पाऊल डावीकडे सरकायचा, डावा कोपर तोंडासमोर धरायचा आणि मग उजव्या हातानं दार ओढायचा. भट्टीचं दार वर गेलं की पहिली धग सरळ पुढं येते, आणि उजव्या अंगाला तेलाची टाकी, म्हणून डावीकडे. "दारासमोर उभा राहतो तो नवीन," असं तो म्हणायचा. रिटायर झाल्यावरही ही सवय गेली नाही. बेल वाजली की तो असाच कोपर उचलून बाजूला व्हायचा, आणि पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटायचं, ह्या गृहस्थांना घरात मार बसत असावा. धनेश लहानपणी त्याची नक्कल करायचा. कौशल्या आधी पदर तोंडाला लावून हसून घ्यायची आणि मग पोराला दटावायची.

"इचारायचं काय त्यात?" मालोजी म्हणाले. रात्रीच्या प्रवासानं त्यांचे डोळे तांबारले होते. फेटा त्यांनी मांडीवर काढून ठेवला होता. "लाकडावर. भट्टीत घालायला त्यो काय लोखंड हाय का?"

"तसं नाही काका. धूर नाही, काही नाही. स्वच्छ असतं. अस्थीपण लगेच मिळतात."

"लगेच कशाला पायजेत रे? त्ये काय कुरिअर हाय? तिसऱ्या दिशी सावडायला जायचं असतंय. चार मानसं जात्यात, दूध शिंपडत्यात, रडत्यात. तवा कुठं मानूस गेला म्हनून कळतंय."

हे बोलणं सगळ्यांना पटलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले की भावना महत्त्वाच्या. गावाकडनं मालोजींच्या गाडीतनं आलेली माणसं म्हणाली की घाट तर इथंच आहे, नदीला, पायी नेता येईल. धनेशचीही मान हलायला लागली. तो चाकणला एका कंपनीत खरेदी खात्यात होता आणि जिकडं जास्त माणसं तिकडं सौदा मिटवायची त्याला सवय होती. फोन अजून चालूच होता, छातीशी दाबलेल्या हातातनं ती मुलगी "सर? सर?" करत होती. "आई," धनेश म्हणाला, "पप्पा कधी काही बोलले होते का गं? याबाबतीत?"

"पानी पिऊन येते," कौशल्या म्हणाली आणि उठली.

स्वयंपाकघर थंड होतं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात माती होईपर्यंत चूल पेटत नाही, आणि मोशीत चूल नसली तरी शेगडीला तोच कायदा. शेगडी पुसून कोरडी करून ठेवली होती. तवा खिळ्याला होता. सकाळी या वेळेला तो कधी खिळ्याला नसायचा, म्हणून भिंतीवरचा तो काळा गोल तिला नवा वाटला. तिनं माठातलं पाणी घेतलं आणि घोटभर प्यायली. बोलले होते. बोलले होते तर. याच तव्यापुढं बोलले होते, ती इथं भाकरी थापत होती आणि भैरू तिथं, फ्रिजला टेकून उभा होता, ओल्या केसांनी. शेजारच्या विंगेतल्या एका म्हाताऱ्याला नदीवर पोचवून आला होता तो. कुठल्याही मयताहून आला की त्याची कुरकूर ठरलेली असे, आणि ती मेलेल्या माणसाबद्दल कधीच नसे. पायाकडं तावच नव्हता, म्हणायचा. मधे नुसता जाळ. वारं एका अंगानं होतं आणि लाकडं रचणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. जेवायला बसलेल्या माणसानं मीठ-मिरचीवर बोलावं तसं तो बोलायचा, आणि ती म्हणायची, अहो, शिवाशिव झालीय, आधी तोंडात साखर घाला. पण त्या दिवशी त्यानं तव्यावरची भाकरी बोटानं टोकरली. "ही बघ. कडंला करपली, मधी कच्ची. भाकरीचं झालं तर कुत्र्याला घालता येतं. मानसाचं असं होऊ नये." मग म्हणाला, "मला भट्टीत घाला. तिथं सगळीकडनं एकसारखा ताव बसतो. तुला सांगून ठेवतो. धन्याला सांगितलं तर तो म्हनंल, पप्पा असं अभद्र नका बोलू."

तो कुठनं बोलतो आहे हे तिला ठाऊक होतं. त्याचे वडील गेले तेव्हा श्रावणातली झड लागली होती. बाभळीची ओली लाकडं, ती पेट घेईनात. डिझेल ओतलं, गाडीचं टायर आणून घातलं. अंधार पडायला लागला तसे लोक एकेक करून घरी गेले आणि भैरू आणि आणखी दोघं वेळू घेऊन मागं राहिले. घरी आला तेव्हा तो अंगणातच बसला. कौशल्या नव्यानं नांदायला आलेली. गरम पाण्याचं घंगाळ ठेवून ती आडोशाला उभी होती आणि तो हात धूत होता, परत धूत होता. त्यानंतर काही दिवसांनी त्यानं गाव सोडलं. शेतीत काही राम नाही म्हणून सोडलं असं तो सांगायचा, आणि ते खरंही होतं. पण भोसरीत शंभर कंपन्या असताना नेमका भट्टीच्या कामाला हा माणूस का चिकटला, आणि पुढं मशीनवर बदली मिळत असतानाही का हलला नाही, याचं उत्तर कौशल्यानं मनाशी कधीच काढून ठेवलं होतं. तिनं ते त्याला विचारलं नाही. त्यालाही ते माहीत नसावं.

तर मग बाहेर जाऊन सांगायचं. त्यात अडचण काय होती? अडचण ही होती की तिला ते सांगायचं नव्हतं. पेल्यात अजून पाणी होतं, ते तिनं सावकाश प्यायलं. तिला भट्टी आवडत नव्हती. आवडत नव्हती हे फार सौम्य झालं. भोसरीच्या चाळीत तिची एकच खोली होती आणि चाळीतल्या बायका तिला चिडवायच्या की तुझी सवत तुझ्यापेक्षा ऊबदार आहे बाई. ती हसायची. पण पहिल्या पाळीला तो अंधारात जायचा, दुसऱ्या पाळीहून सगळे झोपल्यावर यायचा, आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपायचा तेव्हा ती खिडकीला गोधडी लावून, पोराला कडेवर घेऊन, चाळीच्या जिन्यात बसून राहायची. कुकरची शिट्टी नको, बांगड्यांचा आवाज नको. सण आला की भट्टी बंद ठेवता येत नाही, थंड पडली तर परत तापवायला दिवस जातो, म्हणून हा तिकडं. धनेशला ताप भरला, हा तिकडं. तिच्या आईच्या तेराव्याला हा जेवणाच्या वेळेला आला आणि पंगत उठायच्या आत निघाला. ओव्हरटाइमनं घर झालं हे ती कबूल करत होती. नाही कशाला म्हणेल? पण सवतीनं आणलेल्या दागिन्यांनी सवत काही गोड होत नाही.

एकदाच तिनं ती पाहिली. खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा व्हायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. वर्षातनं तेवढे दोन-तीन दिवस भट्टी थंड असायची. कौशल्या ठेवणीतलं इरकल नेसून गेली होती. मोठी शेड, तेलाचा वास, जिकडंतिकडं झेंडूची तोरणं, आणि त्या सगळ्यातून तिला चालवत नेऊन भैरू एका काळपट लोखंडी दारापुढं थांबला आणि म्हणाला, "ही आमची भट्टी." ज्या आवाजात म्हणाला तो आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिची ओळख करून देताना तो नुसतं "मंडळी" म्हणून दुसरीकडं बघायचा. दार वर उचललेलं होतं. आत विटांची पोकळी, त्यांच्या खोलीपेक्षा थोडीशीच लहान, आणि अगदी रिकामी. तिनं हात घालून बघितला. गार होती. रहिमान, त्याचा जोडीदार, हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभा होता; मुसलमान असून पूजेची सगळी तयारी दरवर्षी तोच करायचा, कारण झेंडू त्याला स्वस्तात मिळायचा. "लावा वहिनी," तो म्हणाला. तिनं दाराला हळद लावली, कुंकू लावलं. सवतीची ओटी भरल्यासारखं तिला वाटलं, आणि परत येताना बसमध्ये ती एक शब्द बोलली नाही.

आणि रिटायर होऊन तरी तो कुठं पुरता घरी आला? संध्याकाळी हायवेपर्यंत पायी जायचा आणि चाकणकडे जाणारे ट्रेलर बघत उभा राहायचा. तिनं एकदोनदा विचारलं, काय बघता? "माल बघतो," म्हणाला. तरी पण गेली काही वर्षं तिची होती. गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. तिनं निवडलेली मेथी तो परत निवडायचा आणि तिच्या चुका दाखवायचा. आता कुठं जरा सूर लागत होता, आणि हा असा गेला, चहा न पिता. तर शेवटचं तरी तिकडं कशाला? आयुष्यभर भट्टीनं नेलं, राखही तिच्यातूनच यायची का? नदीचा घाट इथनं जवळ होता. गॅलरीतून धूर दिसला असता. लाकडावर सगळ्यांची संमती होती, मालोजींची, गावाची, सेक्रेटरींची, घटकाभरात धनेशचीही झाली असती. तिला खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसायचं होतं. विधवा बाई गप्प बसली तर कोण काय म्हणणार होतं?

"वहिनी."

रहिमान दाराशी उभा होता, उंबऱ्याच्या बाहेर. हातात स्टीलचा मोठा थर्मास होता. दाढी पुरती पांढरी झाली होती, पण डावी भुवई अजून अर्धीच होती, कधीतरी भट्टीनं खाल्लेली. "रोशनबीनं चहा दिलाय. घोटभर घ्या. तुमी काल संध्याकाळपासनं काय घेतलं नसंल."

तिनं पेला पुढं केला. तो ओतत असताना तिनं विचारलं, "रहिमानभाई, तुमच्यात कसं ठरवतात?"

"आमच्यात ठरवायला काय नसतं, वहिनी. माती. मालकाला बी तीच आन् हेल्परला बी तीच." त्यानं पेला काठोकाठ भरला. "बरं असतं ते. भांडन न्हाई."

"हे तुमाला कधी काय बोलले होते?"

रहिमाननं थर्मासचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही म्हणून काढलं आणि पुन्हा लावलं. "भैरू लई बोलायचा," तो म्हणाला. "आठ-आठ तास दोघंच असायचो. काय काय बोलायचा." मग म्हणाला, "पन हे घरचं हाय. घरात ठरावं. मी त्यात कोन?"

तो निघून गेला आणि कौशल्याला कळलं की त्याला माहीत आहे. आणि हेही कळलं की तो कधीही, कुणालाही, सांगणार नाही. मयताच्या घरात चार भाऊबंद बसलेले असताना हिंदूला कसं जाळावं हे रहिमान सांगणार नव्हता, आणि मागाहून कधी रस्त्यात भेटला तरी तिला टोकणार नव्हता. ती सुरक्षित होती. तिला वाटलं होतं की त्यामुळं मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. चहा गरम होता. तिनं तो नकळत बशीत ओतला आणि साय धरायची वाट बघत उभी राहिली. मग तिला त्या दिवशीचं उरलेलं बोलणं आठवलं. आठवलं असं म्हणणं बरोबर नाही; ती सकाळपासून ते बाजूला सारत होती. तव्यावरची ती अर्धकच्ची भाकरी उलटत तिनं कुचकेपणानं विचारलं होतं, "आन् मी आधी गेले तर? मला पन तुमच्या भट्टीत का?" भैरूनं लगेच उत्तर दिलं नव्हतं. त्यानं विचार केला होता. तिच्याबद्दल तो विचार करतो आहे हे समोर उभं राहून बघायला मिळायचे प्रसंग फार नव्हते, म्हणून तिनं हात थांबवून त्याच्या तोंडाकडं बघितलं होतं. "न्हाई," तो म्हणाला. "तुला लाकडावर. वाळलेली आंब्याची आननार, आन् सोता रचनार. तुला भट्टी आवडत न्हाई." एवढंच बोलून तो गॅलरीत गेला होता. त्याला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं कुणास ठाऊक. बसमधल्या त्या मुक्या परतीपासून असेल, गोधडी लावलेल्या खिडकीपासून असेल. तिला त्याचा राग आला, आत्ता, थंड शेगडीपुढं, मनापासून राग आला. हे माहीत असूनही जन्मभर तो तिकडं जात राहिला म्हणून राग आला, आणि सगळं ठरवून स्वतः आधी निघून गेला म्हणून त्याहून जास्त आला. तिनं चहा सिंकमध्ये ओतून दिला आणि बाहेर गेली.

"भट्टीत," ती म्हणाली.

पेटीची मोटर नेमकी तेव्हाच गप्प झालेली होती, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. धनेशनं फोन कानाला लावला आणि परत खाली घेतला. मालोजी म्हणाले, "कौशल्या, तू आत्ता ध्यानावर न्हाईस. बस."

"ह्यांनी सांगून ठेवलंय भावजी. मला. माझ्या तोंडावर."

"मला न्हाई सांगितलं त्यानं. मी थोरला हाय. गावात काय तोंड दावू? भावाला कारखान्यातल्यावानी भट्टीत ढकलून आलो म्हनू?"

श्रावणातल्या त्या झडीचं नाव काढलं असतं तर काम झालं असतं, पण एवढ्या माणसांत थोरल्या दिराला ते ऐकवावं असं तिला वाटेना. त्या दिवशी अंधार पडायच्या आत घरी परतलेल्यांत मालोजी होते. पाहुण्यांचं बघायला कुणीतरी हवं होतं, थोरल्यानंच यायचं असतं, त्यात त्यांची चूक नव्हती. ती पदर सारखा करून नुसती उभी राहिली. मालोजींनी तिच्याकडं बघितलं, मग पेटीकडं. काचेवर पुन्हा पाणी धरलं होतं आणि भैरूचं तोंड नीट दिसत नव्हतं. मालोजींनी मांडीवरच्या फेट्याचं टोक घेतलं आणि तेवढी काच पुसली.

"बाबाच्या टायमाला," ते म्हणाले, "पाऊस लई हुता." थोड्या वेळानं म्हणाले, "त्ये लागलं हुतं व्हय रे तुला?" हे ते भावाला विचारत होते. मग त्यांनी फेटा उचलून डोक्याला गुंडाळला आणि धनेशला म्हणाले, "सांग त्या पोरीला. भट्टीत म्हनून सांग."

पुढचं सगळं सेवेच्या माणसांनी केलं. काचेची गाडी आली, तिच्यावर झेंडू होते. भैरूनं बघितलं असतं तर त्याला हसू आलं असतं, झेंडू म्हणजे खंडेनवमी. कौशल्या गाडीत चढायला लागली तेव्हा गावाकडच्यांत कुजबुज झाली, बायामाणसं जात नाहीत. पण भट्टीच कबूल केल्यावर आता एवढ्या-तेवढ्याला अडवायचा मालोजींचा धीर संपला होता. रस्त्यात कंपन्यांच्या बस आडव्या आल्या. पहिली पाळी सुटून दुसरी भरत होती. धनेश सारखा घड्याळ बघत होता आणि स्वतःवर चिडत होता. तिच्यासमोर, भैरूच्या पायाशी, रहिमान बसला होता. एका सिग्नलला तो खाली बघत म्हणाला, "मला म्हाईत होतं वहिनी. मला वाटलं, तुमी न्हाई बोलनार." तिनं मान हलवली. मलापण तसंच वाटलं होतं, हे ती बोलली नाही.

विद्युतदाहिनीची जागा तिला वाटली होती तशी नव्हती. पांढऱ्या फरशा, उंच छप्पर, भिंतीवर देवाचं एक चित्र आणि त्याच्या शेजारी आग विझवायचं लाल नळकांडं. वास मात्र होता, विटांचा आणि तापलेल्या लोखंडाचा, आणि त्या वासानं ती शेड तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. दार बंद होतं. दारापासून रूळ निघाले होते आणि रुळांवर भैरूला ठेवलं. गुरुजींनी तुळशीपत्र, तूप, कापूर सांगितला. धनेशनं खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या घातल्या, मडकं फोडलं. भट्टीवरचे जुने सोबती रहिमानच्या शेजारी येऊन उभे राहिले होते, दोघं, तेही पिकलेले. त्यांतला एक कधीचा भिंतीवरच्या तापमानाच्या आकड्यांकडं बघत होता. त्यानं रहिमानला कोपरानं ढोसलं. रहिमाननं आकडा बघितला, ओठ मुडपले आणि समाधानानं मान हलवली. ताव बरोबर होता. कौशल्या रुळांच्या टोकाशी उभी होती. तिला कुणीतरी खुर्ची देत होतं, ती नको म्हणाली. बाजूच्या माणसानं खटका दाबला, कुठंतरी घंटा झाली, आणि दार वर जायला लागलं.

तेव्हा रहिमान आणि ते दोघं एकदम डावीकडे सरकले आणि तिघांनी डावे कोपर तोंडासमोर उचलले. त्यांनी ठरवून केलं नाही. इथं टाकी नव्हती आणि दार केवढं तरी लांब होतं, पण दार वर गेलं आणि ते सरकले. त्यांच्या मागं मालोजी होते. शहरातली ही रीत असणार असं समजून तेही डावीकडे सरकले आणि त्यांनी कोपर उचलला. मग गावाहून आलेले. मग सेक्रेटरी. गुरुजींनी इकडंतिकडं बघितलं, पोथीत हे नव्हतं, पण यजमानांच्यात असेल म्हणून त्यांनीही पोथी काखेत मारून हात वर केला. धनेशनं केलं तेव्हा मात्र तो रडत होता. दारासमोर एकटी कौशल्या राहिली, नवीन माणसासारखी. "वहिनी, बाजूला या," रहिमान कोपराआडून म्हणाला, आणि तेवढ्यात धग आली.

ती सरळ तिच्या तोंडावर आली, मग गळ्यावर, हातांवर, लुगड्याच्या निऱ्यांतनं पायांवर. कौशल्या घाबरली नाही, कारण ती ओळखीची होती. दुसरी पाळी करून आल्यावर तो शेजारी आडवा व्हायचा तेव्हा त्याच्या पाठीतून हीच यायची. थंडीच्या दिवसांत ती गोधडी सोडून त्याच्या पाठीला लागायची, पोराला मधे घ्यायची, आणि तिघं उन्हं वर येईपर्यंत पडून राहायची. इतकी वर्षं ही धग ती त्याच्या अंगाची समजत होती. तिनं मान फिरवली नाही. रुळांवरून भैरू आत गेला, सगळा, एकसारखा, आणि आतला उजेड त्याच्या डोक्यापासून पायांपर्यंत सारखाच पडलेला तिला दिसला.

मग तिनं बाजूला बघितलं. सगळे तसेच उभे होते, डावीकडे दाटीवाटीनं, कोपर वर करून, मालोजींचा फेटा त्यांच्याच कोपरानं डोळ्यांवर आलेला. तिला हसू आलं. ते दाबता येईना म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. गॅलरीत बसल्यावर ह्यांना हे सांगितलं की किती हसतील, खोकला येईपर्यंत हसतील, 'मालोजीदादानं पण का?' म्हणून परत परत विचारतील. घरी गेल्या गेल्या सांगायचं, असं तिनं ठरवलं, आणि दार खाली आलं.